मक्याच्या बुरकुंडाचा पाइप आणि तीन ब्लेंड: मिझुरीच्या वॉशिंग्टनमधली खरेदी

पाइपकडे नव्याने वळलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की पाइप कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या मिझुरी मीरशॉम कंपनीचा ‘कंट्री जंटलमन’ घ्या. मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास मिळतो. उरलेले पैसे तंबाखूवर घाला. ब्रायरच्या, म्हणजे झुडपाच्या मुळाशी वाढलेल्या लाकडी गाठीच्या, महाग पाइपांबद्दल मला आदर आहे, माझ्याकडे आहेतही. पण तंबाखू तंबाखूसारखी लागावी असं वाटत असेल, तर बुरकुंडाइतका सरळ पाइप दुसरा नाही हे माझं पक्कं मत आहे. हे परीक्षण त्या पाइपचं, तो जिथे बनतो तिथल्या दुकानाचं आणि त्यात भरून ओढलेल्या तीन ब्लेंडचं, म्हणजे तंबाखूच्या मिश्रणांचं.

माझ्या मताला किती वजन द्यायचं हे तुम्हाला ठरवता यावं म्हणून थोडं स्वतःबद्दल. मी निपाणीकडचा. आमच्या रानात विडीची तंबाखू असायची. शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. मग झाड बुडातून कापून रानातच उन्हात वाळवायचं. वाळताना पानावर ठिपके उठले की आप्पा खूश, कारण व्यापारी त्या ठिपक्यांवरच भाव करायचा. वाळलेलं पान पहाटेच्या दवात हलवायचं; ऊन चढल्यावर हात लावला तर चुरा. पुढे वखारीत बायका दिवसभर ती चाळायच्या. तंबाखूचा ओलावा मुठीत ओळखायचा आणि प्रत नाकाने, हे मी शाळेत जायच्या वयात शिकलो. नोकरीनिमित्त सेंट लुइसला आलो आणि इथे पाइपची तंबाखू हातात घेतली, तेव्हा तोच माल वेगळ्या तऱ्हेने वाळवला, मुरवला, दाबला तर काय होतं हे पहिल्यांदा कळलं. तिथून मी या छंदात ओढला गेलो.

त्याच गावात तंबाखूने तोंडं गेलेली माणसंही मी पाहिली आहेत. चुना-तंबाखू मळणारे, मिश्री लावणाऱ्या म्हाताऱ्या. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात, पण म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये, असं मी मनापासून म्हणतो. मी शनिवार-रविवारी, घराबाहेर, पोरं आसपास नसताना ओढतो.

आता दुकान. वॉशिंग्टन म्हटलं की राजधानी डोळ्यांसमोर येते, पण हे मिझुरी नदीच्या काठावरचं छोटं गाव आहे, सेंट लुइसच्या पश्चिमेला गाडीने तासाभराच्या अंतरावर. ॲमट्रॅक या अमेरिकन रेल्वे कंपनीची मिझुरी रिव्हर रनर ही गाडी इथे थांबते आणि स्टेशनपासून फ्रंट स्ट्रीटवरच्या कारखान्यापर्यंत चालत जाता येतं. मी पाहुण्यांना रेल्वेनेच नेतो. जर्मन लोकांनी वसवलेला मुलूख, लाल विटांच्या जुन्या इमारती, नदीपलीकडे ऑगस्टाचे द्राक्षमळे. कारखानाही तशाच लाल विटांचा, नदीकडे तोंड करून उभा आहे. दुकान आणि छोटं संग्रहालय तिथेच आहे.

या पाइपची गोष्ट 1869 ची. हेन्री टिबे नावाचा हॉलंडहून आलेला कातारी या गावात काम करत होता. एका शेतकऱ्याने मक्याच्या बुरकुंडाचा पाइप कोरून त्याच्याकडे आणला आणि हा लेथवर नीट कातून दे म्हणाला. शेतकऱ्याला तो आवडला, टिबेने आणखी केले, ते दुकानात ठेवले, आणि पुढे लाकडाची कामं मागे पडून हाच धंदा झाला. दाणे सोललेल्या बुरकुंडाच्या अंगावर खळगे असतात. ते प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून घासून गुळगुळीत करायची पद्धत त्याने काढली आणि 1878 मध्ये तिचं पेटंट घेतलं. कंपनीचं नाव मिझुरी मीरशॉम झालं ते 1907 मध्ये. खरा मीरशॉम हा तुर्कस्तानात एस्कीशेहिरकडे सापडणारा पांढरा हलका खनिज दगड, त्याचेही पाइप कोरतात. तसाच हलका आणि थंड ओढला जातो म्हणून टिबेने मक्याच्या पाइपला ते नाव दिलं.

मला सगळ्यात भावली ती मक्याची बाजू. खाण्याच्या मक्याचं बुरकुंड पाइपला चालत नाही. ते बारीक आणि मऊ असतं. 1940 च्या दशकात मिझुरी विद्यापीठाने जाड, कठीण बुरकुंडाचा मका खास पाइपसाठी तयार केला. त्याची काढणी आजच्या कम्बाइनने करता येत नाही, ते यंत्र बुरकुंड फोडूनच टाकतं. म्हणून अखंड कणीस तोडणारी जुनी यंत्रं अजून वापरात ठेवली आहेत. दाणे काढल्यावर बुरकुंडं साधारण दोन वर्षं वाळत ठेवतात. मग तुकडे करायचे, भोक पाडायचं, लेथवर आकार द्यायचा, प्लास्टर चढवायचं, घासायचं, वर वॉर्निश, शेवटी नळी. पीक घरात आलं की त्याच हंगामात विकायची घाई मी लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे एवढ्या स्वस्त वस्तूसाठी दोन वर्षं माल पडून ठेवणारे लोक बघून माझी मान आपोआप लवते.

दुकानात एक गोष्ट जमते जी ऑनलाइन जमत नाही: पाइप हातात घेऊन निवडता येतो. बुरकुंड नैसर्गिक असल्यामुळे एका नावाचे दोन पाइप कधीच तंतोतंत सारखे नसतात. मी काय बघतो ते सांगतो. आधी वरून भांड्यात, म्हणजे तंबाखू भरतात त्या खळग्यात, डोकावायचं. भोक मधोमध आहे का, म्हणजे चारी बाजूंनी भिंतीची जाडी सारखी आहे का? एका बाजूला भिंत पातळ असेल तर तिथे पाइप आधी तापतो आणि आधी करपतो. मग नळी कुठे आत शिरते ते पाहायचं. ती बुडाजवळ, मध्यावर यायला हवी, म्हणजे तंबाखू शेवटपर्यंत जळते. मग रिकाम्या पाइपमधून हवा ओढून बघायची. शिट्टीसारखा आवाज आला तर वाट अरुंद आहे, तो परत ठेवायचा. शेवटी तळहातावर तोलायचा. चांगल्या बुरकुंडाचा पाइप हातात आहे हेच जाणवत नाही, आणि दातांत धरून बागेत काम करता येतं. काउंटरवरची माणसं यासाठी वेळ देतात, दहा पाइप काढून समोर ठेवतात, चेहरा वाकडा करत नाहीत. एवढ्यासाठी दुकानाला पूर्ण गुण.

भिंतीवर अमेरिकन सेनानी जनरल मॅकआर्थर भेटतोच. दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच्या छायाचित्रांत तोंडात उंच भांड्याचा मक्याचा पाइप असतो, आणि त्याच्या नावाचं मॉडेल कंपनी अजून विकते. दिसायला रुबाबदार आहे, पण भांडं फार खोल. नव्या माणसाने त्याच्या मागे लागू नये. एवढी तंबाखू एका बैठकीत ओढायची म्हणजे जीभ भाजणार. ‘लेजंड’ हे साधं आणि स्वस्त मॉडेल, तेही उत्तम. तरी मी ‘कंट्री जंटलमन’ सुचवतो, कारण त्याच्या बुडाला कठीण लाकडाची बूच असते. पाइप करपतो तो बुडातूनच, आणि लाकडाने त्याचं आयुष्य वाढतं. भांडं मध्यम आहे, पाऊण तास आरामात चालतं. सरळ आणि वाकडी अशा दोन्ही नळ्यांत मिळतो. मला वाकडी आवडते, दातांवर भार येत नाही.

ओढायला कसा आहे? पहिल्या भरणीपासून गोड. ब्रायरला आधी रुळवावं लागतं. आत कोळशाचा पातळ थर बसेपर्यंत लाकूड आपली चव मिसळत राहतं. बुरकुंडाला हे सोपस्कार नाहीत. ते ओलावा शोषून घेतं, त्यामुळे बुडात पाणी साचून गुडगुड होत नाही आणि धूर थंड येतो. मात्र त्याच्या रचनेतली एक गोष्ट माहीत हवी. लाकडी नळीचं टोक भिंतीतून थोडं आत डोकावतं. सुरुवातीच्या काही बैठकांत शेवटी शेवटी ते जळतं आणि जळक्या लाकडाचा कडवटपणा येतो. ते टोक काळं पडून आटलं की चव निवळते. कुणी ते आधीच कापून टाकतात, कुणी राख आणि पाण्याचा चिखल करून बुड त्या उंचीपर्यंत भरून घेतात. मी काहीच करत नाही, त्या दिवसांत भांडं तळापर्यंत ओढत नाही एवढंच. सोबत सहा मिलिमीटरचा कागदी फिल्टर येतो. तो मी काढून टाकतो. धुराबरोबर चवही गाळली जाते असा माझा अनुभव आहे. तोंडाची नळी प्लास्टिकची आहे, दातांखाली एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, मऊपणा मिळत नाही. या किमतीत ते मी आनंदाने सोसतो.

ओढून झाल्यावर राख झटकायची, पाइप क्लीनर फिरवायचा, आणि एक-दोन दिवस पाइप पडू द्यायचा. पाण्याने धुवायचा नाही, बुरकुंड फुगतं.

आता तंबाखू, म्हणजे खरा विषय. बुरकुंडाचा पाइप स्वतः गप्प राहतो, म्हणून तीन वेगळ्या घराण्यांच्या तंबाखू मी त्यातच ओढून पाहिल्या.

पहिली ‘प्रिन्स अल्बर्ट’. आर. जे. रेनॉल्ड्सने 1907 मध्ये बाजारात आणलेला हा अमेरिकन ब्लेंड, पूर्वी औषधांच्या दुकानांतसुद्धा मिळायचा. पाया बर्ली या जातीच्या तंबाखूचा. 1864 मध्ये ओहायोत एका शेतात बर्लीची फिकट पानांची झाडं निघाली आणि तिथून पांढरी बर्ली पसरली, आज अमेरिकेत ती मुख्यतः केंटकी आणि टेनेसीची. हे पान उन्हात नाही, कोठारात टांगून हवेवर कित्येक आठवडे वाळवतात. त्यात साखर जवळजवळ उरत नाही, म्हणून जीभ चावत नाही. आणि पान पोकळ जाळीसारखं असल्यामुळे वरून दिलेला मसाला भरपूर पितं. ‘प्रिन्स अल्बर्ट’ बारीक कुस्करलेली येते, भरायला सोपी, पेटायला सोपी. चव शेंगदाण्याकडे झुकणारी, कडेला थोडा कोको. पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत एकसारखी राहते, कुठेही वळण घेत नाही. काही जाणकार तिला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. सकाळी कॉफीबरोबर, हात कामात असताना, लक्ष न देताही जी नीट जळते ती तंबाखू बनवणं सोपं नाही.

दुसरी ‘एस्कुडो नेव्ही डी लक्स’, आणि इथे मी थोडा रेंगाळणार, कारण ती माझी सर्वांत आवडती आहे. व्हर्जिनियाची पानं आणि पेरिक एकत्र वळून दोर करतात, दाबतात, आणि त्याच्या चकत्या कापतात. डबा उघडला की आत नाण्यांसारख्या गोल चकत्या एकमेकींवर रचलेल्या. एक चकती उजेडात धरली तर बाहेर तांबूस-पिवळी वेटोळी आणि मध्ये काळपट गाभा स्पष्ट दिसतो. तो काळा भाग पेरिक. लुइझियानात मिसिसिपीच्या काठी सेंट जेम्स पॅरिश नावाचा एक टापू आहे, पेरिकची सगळी ख्याती त्या टापूची. वाळलेलं पान ओलं करून ओकच्या पिंपात भरतात, वरून स्क्रूच्या जॅकने दाब देतात, आणि ते आपल्याच रसात मुरतं. मधूनमधून पिंप उघडून पान हवेवर काढायचं, मोकळं करायचं, परत भरून दाबायचं, असं वर्षभर तरी चालतं. निघतं तेव्हा ते काळं, चमकदार आणि आंबूस वासाचं असतं. सुकलेल्या अंजिराचा गोडवा आणि मिरीचा ठसका त्यात एकत्र येतात. एकट्याने ओढायला ते फार जहाल, म्हणून चिमटीभर मिसळतात.

व्हर्जिनिया ही भट्टीच्या गरम हवेत वाळवलेली, त्यामुळे तिच्यात साखर टिकून राहते. ती साखर संथ ओढली तर मधाळ लागते, घाईने ओढली तर जीभ सोलते. ‘एस्कुडो’ची खरी करामत अशी, की पेरिक त्या गोडव्याला मागून धरून ठेवतं. भरणीचा पहिला एक-तृतीयांश भाग व्हर्जिनियाचा, गवताळ आणि गोड. मध्यावर मिरी जागी होते, धूर नाकातून सोडला तर झिणझिणते. शेवटी दोन्ही मिटून जाड, सुक्या मेव्यासारखी चव उरते. एका भरणीत तीन वेळा चव बदलते, आणि बुरकुंडात ते तीनही टप्पे वेगवेगळे कळतात.

भरायची कशी? चकत्या डब्यातून निघतात तेव्हा ओलसर असतात. तशाच भरल्या तर दर दोन मिनिटांनी विझतात. मी दोन-तीन चकत्या तळहातावर घेऊन अंगठ्याने हलकेच मोकळ्या करतो. अगदी भुगा करायचा नाही, वेटोळं सुटून धागे झाले की पुरे. मग कागदावर पसरून ठेवतो. वेळ घड्याळावर मोजत नाही, कारण सेंट लुइसचा दमट जुलै आणि कोरडा जानेवारी यांत फार फरक आहे. चिमूट मुठीत दाबून सोडायची. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे. मूठ उघडल्यावर हळूहळू फुलली, पण कुरकुरली नाही, तर झाली. आमच्याकडे वाळलेल्या पानाची परीक्षा याच हाताने होते, फक्त तिथे उलटं, दवाने पान पुरेसं मऊ पडलं का ते बघायचं. भरताना पाइपवाल्यांची जुनी शिकवण उपयोगी पडते: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबायची, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. पहिली काडी फक्त वरचा थर फुलवण्यासाठी. फुलला की टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, अलगद बसवायचा आणि दुसऱ्या काडीने खरी पेटवणी. नंतर अगदी संथ. भांडं गालाला लावून बघावं, चटका बसला तर खाली ठेवावा.

तिसरी ‘नाइटकॅप’. पूर्वी हिच्यावर डनहिलचं नाव असायचं. 2018 च्या सुमारास डनहिलच्या नावाने पाइपची तंबाखू यायची थांबली, तेव्हा चाहत्यांनी डबे साठवून ठेवले. नंतर तोच ब्लेंड पीटरसनच्या नावाने परत आला. यात व्हर्जिनिया, ओरिएंटल (उन्हात वाळवलेली, तुर्की धाटणीची तंबाखू), थोडं पेरिक आणि मुख्य म्हणजे लटाकिया आहे. लटाकिया हे सीरियातलं बंदर, पण ही तंबाखू पुढे सायप्रसहून येऊ लागली. पान उन्हात वाळवून मग बंद कोठारात सुगंधी लाकडांच्या धुरावर मुरवतात, काळंभोर होईपर्यंत. डब्याचं झाकण काढताच पावसाळ्यात चुलीच्या खोलीत शिरावं तसा वास येतो. मला तो आपलासा वाटतो, माझ्या बायकोला अजिबात नाही, आणि पाहुण्यांमध्येही मधला मार्ग कुणाचा नसतो. धूर जाड, मखमली, आणि निकोटीन चांगलंच तगडं. रिकाम्या पोटी ओढू नका, गरगरतं. जेवणानंतर, छोट्या भांड्यात, दिवसाचा शेवटचा पाइप म्हणून ती उत्कृष्ट आहे. ‘एस्कुडो’सारखी वळणं घेत नाही, पण खोली तिच्यात जास्त.

लटाकिया ज्या पाइपमध्ये ओढाल त्यात तिचा वास कायमचा बसतो. दुसऱ्या दिवशी त्यातच ‘एस्कुडो’ भरली तर पेरिक कुठे गेलं ते कळणारसुद्धा नाही. म्हणून जाणकार प्रत्येक घराण्यासाठी वेगळा पाइप ठेवतात. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी वाढलेल्या गाठीपासून घडवलेला चांगला ब्रायर शंभर-दीडशे डॉलरला जातो. असे तीन घ्यायचे तर पगारदार माणसाला विचार करावा लागतो. बुरकुंडाचे तीन पन्नास डॉलरच्या आत बसतात. मी नळीवर रंगीत दोरा बांधून ओळख ठेवली आहे: बर्लीचा बिनदोऱ्याचा, पेरिकचा लाल, लटाकियाचा काळा.

डबे घेताना झाकण अंगठ्याने दाबून बघा. आतली हवा काढलेली असेल तर झाकण घट्ट आत खेचलेलं असतं, टिकटिक करत नाही. एका ऑनलाइन दुकानातून मला हवा सुटलेला डबा आला होता आणि आतली तंबाखू पाचोळ्यासारखी वाळलेली होती. तक्रारीला उत्तरच आलं नाही. तेव्हापासून मी शक्यतो समोर बघूनच घेतो. उघडलेल्या डब्यातली तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवावी, फ्रिजमध्ये नाही. व्हर्जिनिया तर बरणीत वर्षानुवर्षं मुरून आणखी सुधारते. बर्लीत मला तेवढा फरक जाणवत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेत 2019 च्या अखेरीपासून तंबाखू घ्यायला वय 21 लागतं आणि ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. भारतात परतताना सामानात 125 ग्रॅम तंबाखू शुल्काशिवाय नेता येते. निघण्याआधी नियम पुन्हा पाहून घ्या, ते बदलतात. पन्नास ग्रॅमचे दोन डबे त्यात बसतात. दोन्हींवर ‘एस्कुडो’ लिहिलेलं असावं, आणि पिशवीत ‘कंट्री जंटलमन’ एक नाही, दोन घ्यावेत, म्हणजे एक वाळत असताना दुसरा ओढता येतो.